सात तारखेचा पगार: जयताळ्यातल्या एका निवृत्तीचं प्रकरण

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात २९ वर्षं स्टोअर्स सांभाळलेले एक गृहस्थ ३० जून २०२५ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झाले. पत्नी ५४ वर्षांची, आयुष्यभर घर चालवलेली. मुलगी लग्न होऊन अमरावतीला, मुलगा पुण्यात आयटीत. जयताळ्यात स्वतःचं घर, खाली तीन खोल्या आणि वर दोन, कर्ज फिटलेलं. दोघांच्या संमतीनं हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, हिशेबाचा सांगाडा मात्र तोच आहे. मी त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणते, इथेही तसंच म्हणेन.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात फॉर्म, ठेवी, वारसनोंदी अशा कामांत लोकांना मदत करते. नागपुरात निवृत्तीचा विषय निघाला की तो बहुतेक पेन्शनरांचा असतो. रेल्वे, कोळशाची सरकारी कंपनी वेकोलि, राज्य सरकारची कार्यालयं, जिल्हा परिषदेच्या शाळा, प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी असतंच. नोव्हेंबर २००५च्या आधी राज्य सरकारी नोकरीत लागलेल्या माणसाला पूर्ण सेवेनंतर अखेरच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते, वर महागाई भत्ता. हातात आलेली एकरकमी रक्कम त्यानं मुलांना देऊन टाकली तरी पुढच्या महिन्याची चूल पेटते. खासगी कारखान्यातला माणूस हेच बघत शेजारी राहतो आणि त्याच चालीनं वागायला जातो. तिथे घात होतो.

भाऊंची पेन्शन १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली. तिचं सूत्र असं की पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि ७०नं भागायचं. पण पगार धरला जातो मर्यादेपुरताच, ऑगस्ट २०१४पर्यंतच्या सेवेसाठी ६,५०० आणि त्यानंतरच्या सेवेसाठी १५,०००. भाऊंचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटी ४२,००० होता. पेन्शन बसली महिना ४,३००च्या आसपास. ती महागाईबरोबर वाढत नाही. भाऊंच्या पश्चात वहिनींना तिची निम्मी मिळेल.

या निम्म्या पेन्शनवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे निवृत्तीची आखणी नवऱ्याच्या अठ्ठावन्न-साठीवरून होते. माझ्या मते ती बायकोच्या ऐंशीवरून करायला हवी. ती वयानं लहान असते, बायका सरासरीनं जास्त जगतात आणि शेवटची काही वर्षं तिची एकटीची असण्याची शक्यता मोठी. जो हिशेब तिच्या हातात टिकत नाही तो कुणाच्याच कामाचा नाही. या घरात पैशाचं आणि मनाचं जे जे सुटलं, ते हा प्रश्न विचारल्यावर सुटलं.

आधीचं वर्ष

भाऊ माझ्याकडे पहिल्यांदा आले ते निवृत्तीच्या साधारण वर्षभर आधी, वेगळ्याच कामासाठी. पीएफच्या नोंदीत त्यांचं नाव एका प्रकारे होतं, आधारवर दुसऱ्या प्रकारे, वडिलांच्या नावाचा क्रमही उलटा. अशा किरकोळ फरकावर पीएफचा दावा अडकतो. कंपनी आणि कामगार यांचं संयुक्त घोषणापत्र भरून दुरुस्ती करावी लागते आणि हे नोकरीत असतानाच केलेलं बरं, कारण निवृत्तीनंतर कंपनीत सहीसाठी दारावर उभं राहावं लागतं. ते काम झालं. मग मी विचारलं, आजारपणाचं काय?

कंपनीचा गट विमा होता. तो नोकरीबरोबर संपणार होता. भाऊंना मधुमेह आणि रक्तदाब, वहिनींचे गुडघे. आधीपासूनच्या आजारांसाठी स्वतंत्र पॉलिसीत थांबावं लागतं. एप्रिल २०२४पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, त्याआधी चार होता. म्हणजे निवृत्त झाल्यावर पॉलिसी घेतली असती तर मधुमेहाच्या दुखण्याला एकसष्टीपर्यंत संरक्षण नसतं. दोघांची मिळून पाच लाखांची पॉलिसी २०२४च्या मध्यालाच घेतली. वर्षाचा हप्ता ३२,०००. आजार एकही लपवला नाही, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण एजंट ‘साखरेचं लिहू नका’ असं सांगतात आणि पुढे दावा नाकारला जातो तेव्हा एजंट नसतो. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्याच रेशनकार्डधारकांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावंही जुळवून ठेवली.

त्याच सुमारास मी दोघांना एक काम दिलं. निवृत्तीनंतरचा एक मंगळवार, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, प्रत्येकानं वेगळ्या कागदावर लिहायचा. एकमेकांना दाखवायचा नाही. भाऊंच्या कागदावर साडेपाचला फिरणं, मग चहा, पेपर, आंघोळ, देवपूजा. दहा वाजेपर्यंत रकाने भरलेले. पुढे लिहिलं होतं ‘दहा ते पाच, बघू’. वहिनींच्या कागदावर रिकामी जागाच नव्हती. नळ, कूलरचं पाणी, स्वयंपाक, भांडीवाली, दुपारी दोन तास पाठ टेकणं आणि मालिका, संध्याकाळी शेजारच्या बायकांबरोबर देवळात. या सबंध मंगळवारात भाऊ कुठेच नव्हते. २९ वर्षं कंपनीच्या बसनं त्यांना सकाळी नेलं आणि संध्याकाळी आणून सोडलं, त्या वेळेत वहिनींनी आपलं स्वतंत्र जग उभं केलं होतं. ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर दोघंही काही वेळ बोलले नाहीत.

किराण्याची वही

महिन्याचा खर्च किती, असं विचारल्यावर भाऊ ठामपणे म्हणाले, वीस हजार. वहिनींनी आत जाऊन कंपनीची जुनी डायरी आणली. दरवर्षी दिवाळीत मिळणाऱ्या डायऱ्या त्या खर्च लिहायला वापरत आणि भाऊंनी त्यातली एकही कधी उघडून पाहिली नव्हती. पानं तेलकट, मधे मधे गॅसच्या पावत्या खोवलेल्या. एका मे महिन्याच्या पानावर वीजबिल ४,९०० होतं, कारण खाली एक आणि वर एक असे दोन कूलर आणि पाण्याची मोटर. त्याखाली ‘मावशीच्या घरचं लग्न, आहेर २,१००’, ‘बेसनाची पिठी, पाहुणे’, ‘ह्यांच्या गोळ्या २,३००’. बारा महिन्यांची बेरीज करून बाराने भागलं तर आकडा आला ३१,०००.

मी अनेक घरांत हे पाहिलं आहे. पुरुष सांगतात तो खर्च त्यांच्या हातून जाणाऱ्या पैशाचा असतो. लग्नकार्य, औषधं, घरपट्टी, अंगणातली फरशी, भाच्याच्या मुंजीचं जाणं-येणं हे त्यात नसतं. निवृत्तीची सगळी गणितं या एका आकड्यावर उभी राहतात, म्हणून तो बाईच्या वहीतून घ्यावा. पाच टक्के महागाई धरली तर आजचे ३१,००० चौदा वर्षांनी ६१,०००च्या पुढे जातात. वहिनींच्या ऐंशीव्या वर्षी, म्हणजे २६ वर्षांनी, हेच घर चालवायला महिना एक लाखाहून जास्त लागतील. हा आकडा ऐकून भाऊ म्हणाले, ‘ताई, असं असेल तं मग आमचं काही खरं नाही.’ मी त्यांना धीर देण्यासाठी आकडा कमी केला नाही. घाबरवायचं नव्हतं, पण चाळीस लाख म्हणजे खूप ही समजूत आधी मोडायला हवी होती.

पैसा आला, आणि मागणारेही आले

जुलैअखेरपर्यंत सगळी रक्कम जमा झाली. पीएफचे ३१ लाख. ग्रॅच्युइटी १९७२च्या कायद्याप्रमाणे महिना सव्वीस दिवसांचा धरून सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार या हिशेबानं, ४२,००० पगार आणि २९ वर्षं धरून ७ लाख २ हजारांवर. रजेचे १ लाख ९० हजार. बँकेत आधीची सहा लाखांची ठेव. एकूण ४६ लाखांच्या जवळ.

पेन्शन साठीपर्यंत थांबवली तर दर वर्षाला चार टक्के वाढून मिळते, असं कुणीतरी भाऊंना सांगितलं होतं. ते खरं आहे. पण दोन वर्षांत सोडावे लागणारे लाखभर रुपये महिना साडेतीनशेच्या वाढीतून भरून यायला चोवीस वर्षं लागतात. आम्ही ५८लाच पेन्शनचा अर्ज, म्हणजे १०डी, भरला.

मग माणसं यायला लागली. बँकेतला एक तरुण घरी येऊन विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली योजना समजावून गेला, हप्ता वर्षाला पाच लाख. कंपनीतलाच एक जुना सहकारी ‘महिना दोन टक्के’ देणाऱ्या ओळखीच्या माणसाचा निरोप घेऊन आला. दहा लाख टाका, महिना वीस हजार घरी बसून. भाऊंचा त्या सहकाऱ्यावर विश्वास होता आणि तो माणूस खोटारडा नव्हता, त्यानं स्वतःचेही पैसे तिथे टाकले होते. २०१३-१४च्या सुमारास या शहरात अशा कंपन्या बुडाल्या तेव्हा हेच झालं होतं. डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, सगळे ओळखीतून गेले होते आणि सुरुवातीचे हप्ते वेळेवर मिळाले होते. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हिताचा कायदा १९९९पासून आहे, मालमत्ता जप्त होते, पण तो पैसा परत यायला आयुष्य जातं. मी भाऊंना एवढंच म्हटलं, सरकार स्वतः ज्येष्ठांना वर्षाला ८.२ टक्के देतं. जो २४ देतो म्हणतो तो ते कुठून आणतो, हे त्याला कागदावर लिहून मागा. त्यांनी मागितलं. कागद आला नाही.

तिसरी मागणी घरातली होती, म्हणून सगळ्यात अवघड. मुलाला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता आणि सुरुवातीला भरायला पंधरा लाख कमी पडत होते. त्यानं हक्कानं मागितले नव्हते, ‘बाबा, तुमच्याकडे आता आलेच आहेत तर’ असं म्हटलं होतं. भाऊंनी मनात होकार दिलेला होता. बापाचा पैसा पोराच्या कामी यायचा नाही तर कुणाच्या, हे त्यांचं वाक्य. याला उत्तर म्हणून व्यवहार शिकवणं मला बरोबर वाटत नाही, ते वाक्य प्रेमातून आलेलं असतं. मी फक्त हिशेब मांडला. पंधरा लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला १,२३,००० व्याज येतं, म्हणजे महिना १०,२५०. घरखर्चाचा तिसरा हिस्सा. तो गेला तर दोन-चार वर्षांत दर महिन्याला मुलाकडे हात पसरावा लागेल, तेव्हा मुलाच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता असेल.

महालक्ष्म्यांना मुलगा-सून घरी आले होते. जेवणं झाल्यावर सोळा भाज्यांची पातेली अजून स्वयंपाकघरात होती, तेव्हा बोलणं झालं. मी तिथे नव्हते, वहिनींनी नंतर सांगितलं. भाऊंनी तोच कागद मुलापुढे ठेवला. मुलगा नाराज झाला. ‘मग बँकेत ठेवून व्याज खात बसा’ असं बोलून गेला. बोलणं वाढलं नाही ते सुनेमुळे. तिनं विचारलं, ‘आई, यात तुमच्या नावावर काय आहे?’ वहिनी म्हणाल्या, ‘माझ्या खात्यात गॅसच्या सबसिडीचे जमले होते, तीन हजार चारशे.’ सुनेनं नवऱ्याकडे बघितलं आणि विषय तिथे थांबला. पुढे बरेच दिवस मुलाचा फोन आईला येत होता, बापाला नाही. दिवाळीत त्यानं आपणहून सांगितलं की विम्याचा ३२,०००चा हप्ता इथून पुढे मी भरीन. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेव्हा भार थोडा हलका झाला. फ्लॅट त्यानं लहान घेतला. बाप-लेकातली ती कडवट जागा पूर्ण भरली आहे असं मी म्हणणार नाही.

मांडणी

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर जाता येतं, पण ५५ ते ६० मधला माणूस नोकरीतून निवृत्त झाला असेल तर निवृत्तीचा पैसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यालाही खातं उघडता येतं. कंपनीचं प्रमाणपत्र लागतं, निवृत्ती कधी, सेवा किती, पैसे कधी दिले. ही तीन महिन्यांची मुदत अनेकांना माहीत नसते आणि पैसा बचत खात्यात पडून राहतो. मर्यादा ३० लाखांची आहे. भाऊंचे २० लाख ठेवले. व्याज दर तिमाहीला ४१,०००.

सगळे तीस का नाहीत? कारण वहिनी अजून साठीच्या नाहीत, आणि हे खातं भाऊंच्या नावावरचं. उद्या काही झालं तर ते त्यांना पुढे चालवता येईलच असं गृहीत धरायला मी तयार नव्हते. म्हणून १२ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या संयुक्त नावावर, ७.४ टक्क्यांनी महिना ७,४००. पाच लाख अडीअडचणीसाठी दोन बँकांत मिळून, कारण ठेव विमा एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंतच आहे आणि व्याजही त्यातच धरलं जातं. आठ लाख म्युच्युअल फंडात, काही समभागांत, काही रोख्यांत, २०३५पर्यंत हात लावायचा नाही या बोलीवर. ते किती वाढतील याची हमी कुणीच देऊ शकत नाही, मीही दिली नाही. पण ठरावीक व्याज महागाईबरोबर वाढत नाही, आणि वहिनींच्या पासष्टीनंतरच्या वर्षांसाठी वाढणारं काहीतरी हवंच होतं. उरलेल्या एका लाखात वरच्या दोन खोल्यांचं गच्चीचं गळणं बंद केलं आणि संडास-बाथरूम नवीन बांधलं. हिंगणा रोडवरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांची मुलं या भागात खोल्या शोधतच असतात. भाडं साडेसहा हजार ठरलं.

तिमाहीचे ४१,००० महिन्याला साधारण १३,६००, त्यात ७,४००, पेन्शन ४,३०० आणि भाडं ६,५००. बेरीज ३१,८०० होते. जेमतेम जुळलं. एकूण उत्पन्न नव्या करपद्धतीतल्या १२ लाखांच्या सवलतीच्या खूप आत, त्यामुळे प्राप्तिकराची धास्ती नव्हती.

पण वहिनींना तिमाही कळेना. त्यांचं घर २९ वर्षं सात तारखेवर चाललेलं. कारखान्याचा पगार सातला, म्हणून दूधवाला आठला, किराणा दुकानदाराचं खातं नऊला, भिशी दहाला. १ ऑक्टोबरला व्याज येतं आणि मग जानेवारीपर्यंत काही नाही, ही कल्पना त्यांना सहन होईना. म्हणून सगळं उत्पन्न भाऊंच्या खात्यात गोळा करून दर महिन्याच्या सात तारखेला २८,००० वहिनींच्या खात्यात आपोआप जातील अशी बँकेला कायमची सूचना दिली. पहिला संदेश त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर आला तेव्हा त्यांनी तो मला दाखवायला आणला होता. आत्तापर्यंत घरातला प्रत्येक ओटीपी भाऊंच्या नंबरवर येत असे. आता त्यांचा नंबर त्यांच्या खात्याला आहे.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या

पैशाचं बसत होतं तेव्हा घरात दुसरंच उसवत होतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनी दुपारी माझ्याकडे आल्या. ‘ताई, हे दिवसभर माझ्या मागे मागे फिरून राहिले.’

झालं होतं असं. भाऊ स्टोअर्सचे माणूस. किती आलं, किती गेलं, किती शिल्लक, हे प्रत्येक खणाला कार्ड लावून ठेवणारे. रिकामे हात त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेले. त्यांनी सगळे डबे उतरवले, पुसले, एकेकावर चिठ्ठी लावली. तूर डाळ, तारीख, आल्याचं वजन. मग रोज संध्याकाळी डाळ मोजू लागले. एक दिवस म्हणाले, या महिन्यात डाळ जास्त गेली. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत. ‘तीस वर्षं याच डाळीवर घर चालवलं. तेव्हा कधी हिशेब मागितला नाही. आता मी काय चोरी करून राहिली का?’

भाऊंच्या मनात टोचणं नव्हतंच. ते त्यांना येत असलेलं एकच काम करत होते, आणि ते काम त्यांच्याहून चांगलं करणाऱ्या माणसाच्या जागेत करत होते. त्याच दिवसांत मला आणखी एक कळलं. सकाळी फिरायला जाताना ते त्रिमूर्तीनगरच्या बागेकडे लांबच्या रस्त्यानं जात, कारण जवळच्या रस्त्यावर कंपनीची बस थांबते आणि जुने सोबती हात करतात. झोप कमी झालेली. साखर वाढलेली. डॉक्टरांकडे जा म्हटलं तर ‘मला काय झालंय’. मी त्यांना टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही दिला होता, तिथे मराठीत बोलता येतं, फुकट असतं. त्यांनी तो लावला नाही. पण घरच्या डॉक्टरांकडे गेले, आणि डॉक्टरांनी साखरेआधी झोपेबद्दल विचारलं, त्याचा फायदा झाला. माझा अनुभव असा की आपल्याकडचे पुरुष ‘उदास वाटतं’ असं म्हणत नाहीत, ‘झोप येत नाही’ असं म्हणतात. ऐकणाऱ्यानं तेवढ्यावरून ओळखावं.

मग आम्ही ते दोन मंगळवारचे कागद पुन्हा काढले. दुपारचे दोन तास वहिनींचे, त्या वेळात भाऊंनी घरात असलं तरी वरच्या मजल्यावर असायचं. स्वयंपाकघर वहिनींचं. भाजीबाजार, वीजबिल, बँक, घरपट्टी, भाडेकरू, हे भाऊंचं. वरच्या मुलांच्या नळाची तक्रार आली की भाऊंचा चेहरा खुलतो, हे वहिनींनीच मला सांगितलं.

खरी गाठ सुटली ती सप्टेंबरात. हिंगण्यातल्याच एका छोट्या युनिटच्या मालकाला स्टोअर्सची घडी बसवून देणारा माणूस हवा होता. आठवड्यातल्या तीन सकाळी, महिना ८,०००. मुलाला ते कमीपणाचं वाटलं, ‘लोक काय म्हणतील’. मी भाऊंच्या बाजूनं होते. तिथे त्यांनी प्रत्येक खणाला कार्ड लावलं आणि कुणी रडलं नाही. आठ हजारांतले सगळेच दर महिन्याला त्या २०३५च्या फंडात जातात. घरखर्चात एक रुपयाही घ्यायचा नाही, कारण हे काम उद्या सुटलं तर घराची घडी हलायला नको.

वहिनींचा कागद

प्रत्येक घरात मी शेवटी एक कागद करायला लावते. नवरा उद्या नसेल तर येत्या सात तारखेला बायकोच्या हातात काय येईल? जूनमध्ये या घराचं उत्तर होतं शून्य. आता असं आहे. पेन्शन निम्मी, २,१५०. पोस्टाचं संयुक्त खातं, ७,४००. भाडं साडेसहा हजार. बचत योजनेचे वीस लाख दाव्यानंतर हातात, नॉमिनी वहिनीच. ते पैसे आल्यावर कुठे ठेवायचे हेही त्याच कागदावर लिहिलं आहे, कारण दुःखाच्या दिवसांत सल्ला देणारे फार असतात.

घराचा प्रश्न त्यातच निघाला. घर भाऊंच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्र नसतं तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वहिनी, मुलगा आणि मुलगी यांचे सारखे हिस्से झाले असते. ज्या घरात त्या ३० वर्षं राहिल्या त्यात त्यांचा फक्त तिसरा वाटा. दोन्ही मुलं चांगली आहेत, कुणी त्यांना घराबाहेर काढणार नाही, पण पुढे कधी उलट गहाण कर्ज, म्हणजे घर गहाण ठेवून खर्चाला बँकेकडून पैसे, घ्यायची वेळ आली तर तिघांच्या सह्यांवर त्यांचं म्हातारपण टांगलेलं राहील. भाऊंना मृत्युपत्र म्हणजे अपशकुन वाटत होता. ‘आत्ताच कशाला ताई, मी काय मरून राहिलो का?’ वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलल्या. ‘मीही आधी जाऊ शकते. मग तुमचा कागद कोण करणार?’ दोघांनीही केला. सगळं आधी एकमेकांना, त्यानंतर मुलांना सारखं. दोन साक्षीदार, दोघंही ओळखीचे आणि भाऊंहून वयानं लहान. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घेतली.

मुलांच्या नावावर घर आत्ताच बक्षीसपत्रानं करून द्या, मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, असा सल्ला एका नातेवाइकानं दिला होता. तो मी मोडून काढला. पालकांच्या २००७च्या कायद्यात, सांभाळाच्या अटीवर दिलेलं दान सांभाळ केला नाही तर रद्द करून मागता येतं खरं, पण त्यासाठी पोटच्या मुलांविरुद्ध न्यायाधिकरणापुढे उभं राहावं लागतं. आपल्या हयातीत छप्पर आपल्या नावावर असावं.

सध्या

जानेवारीतलं तिमाही व्याज जमा झालं, सात तारखेचे पैसे गेले. भाऊंची साखर डॉक्टरांच्या मते आटोक्यात आहे. वहिनींनी पोस्टात पासबुक एकट्यानं भरून आणलं. सही जुळत नाही म्हणून तिथल्या माणसानं एकदा परत पाठवलं होतं, तर घरी येऊन त्याच जुन्या डायरीच्या मागच्या पानावर त्यांनी सही गिरवली, पूर्ण पान. तूर डाळीच्या डब्यावर जुलैची चिठ्ठी अजून आहे, ती काढलेली नाही, पण मोजणं बंद आहे.

आकडे अजून पुरते जुळलेले नाहीत. वहिनींच्या सत्तरीपर्यंत ही मांडणी तग धरेल असं मला वाटतं, त्यापुढचं फंड किती वाढतो आणि भाऊ किती वर्षं काम करतात यावर आहे. २०३०मध्ये बचत योजनेची पाच वर्षं भरतात. तेव्हा पूर्ण रक्कम पुढे वाढवायची नाही, काही भाग मोकळा ठेवायचा, कारण २०३१मध्ये वहिनी साठीच्या होतील आणि त्यांच्या स्वतःच्या नावावर तेच खातं उघडता येईल. ही तारीख डायरीत भाऊंनी नव्हे, वहिनींनी लिहून ठेवली आहे.